त्याची बॅग पाठीवरच राहू द्या

पत्र आलंय वैनगंगेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमचं. लांबलचक आहे, म्हणून कामाचं तेवढं देतो.

"गुरुजी, आमची शाळा पहिली ते सातवी, आम्ही चार शिक्षक, मुख्याध्यापकाचा चार्ज दोन वर्षांपासून माझ्याकडेच. जुलैच्या शेवटी नदी फुगली अन् शेजारच्या गावात पाणी शिरलं, तिथली शाळा अजून गाळानं भरलेली आहे. लोक आमच्या समाजमंदिरात अन् काही नातेवाइकांकडे राहायला आले. त्यांची १९ मुलं आता आमच्याकडे बसतात, पाचवीपर्यंतची ११ आणि सहावी-सातवीची ८. निम्म्यांजवळ ना दाखला ना आधार कार्ड. आमच्या गावातले पालक म्हणतात, आमच्याच पोराईले पुरत नाही अन् हे कुठून आणून बसवले. सरपंच आणि मंडळाची पोरं म्हणतात शुक्रवारी मोठा स्वागत समारंभ करू, स्टेजवर दप्तरं वाटू, आमदारांना बोलावू. फ्लेक्स छापायला टाकलासुद्धा. मला पटत नाहीये पण नाही कसं म्हणावं कळत नाही. आणि चौथीत एक मुलगा आहे, तो दिवसभर पाठीवरची बॅग काढत नाही. जेवतानाही नाही. काढ म्हटलं तर रडत वगैरे नाही, उठून दाराशी जाऊन उभा राहतो. त्यात आमची खिचडीची शेड गळते, पाऊस आला की खिचडीच्या मोठ्या पातेल्यावर कोणीतरी छत्री धरून उभं. कशाकशाकडे बघू?"

ताई, सगळ्यात पहिले त्या पोराचं बोलू, दाखले-बिखले होत राहतात.

बॅग काढायला लावू नका. तुम्ही नका, दुसऱ्या सरांनाही सांगून ठेवा, अन् खिचडी वाढणाऱ्या बाईंनाही सांगा कारण मायेनं म्हणून त्याच आधी म्हणतील, काढ न बाबू, मोकळा होऊन जेव. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे ना मला माहीत ना तुम्हाला, पण घरातून निघताना जे हाताला लागलं ते त्यानं पाठीला अडकवलं असावं अन् ते खाली ठेवायची वेळ अजून आली नाही असं त्याला वाटत असावं, एवढं तर आपल्याला समजू शकते. दाराशी जाऊन उभा राहतो म्हणता, म्हणजे त्याला बाहेरचं दिसायला पाहिजे. मग त्याची जागाच दाराजवळ करा न. एकट्याला उठवून तिकडे बसवू नका, अख्ख्या वर्गाच्या बसायच्या पट्ट्याच फिरवून टाका, आजपासून फळा इकडून बघायचा म्हणा, झालं. बॅग घालून खिचडी खाता येते अन् भागाकारही येतो. बाकीची पोट्टी हसली तर एकदाच म्हणा, राहू दे, त्याची आहे, अन् पुढचा पाढा सुरू करा. भाषण देऊ नका. भाषण दिलं की अख्खा वर्ग पुन्हा त्याच्या पाठीकडेच बघतो.

या मुलांचं पहिले काही आठवडे असंच चालतं, अन् त्याला रोग समजायचं नाही. कोणी रात्री अंथरूण ओलं करेल, पाचवी-सहावीचं मोठं पोरगंही करते. कोणाचं रोज साडेदहाला पोट दुखेल. कोणी विनाकारण मारामारी करेल, कोणी माय शेतावर गेली की तिच्यामागं पळेल. तुमच्या शाळेवर टिन आहे की स्लॅब ते पत्रात नाही, पण टिन असेल तर पाऊस जोराचा आला की काय होते ते तुम्हाला दिसलंच असेल. अशा वेळी शिकवणं रेटू नका, नाहीतरी ऐकू येत नाही. धाकटा भाऊ पहिलीत अन् बहीण सहावीत असेल तर पाऊस थांबेपर्यंत दोघांना एका जागी बसू द्या, हजेरीचं पुस्तक काही रडत नाही. आणि आभाळ भरून आलं की आधीच सांगून ठेवायचं, आता पाऊस येणार, शाळा उंचावर आहे, नदी इथून पाच किलोमीटर आहे की सात, जे असेल ते खरं सांगायचं. काही होत नाही रे, एवढ्यावर लेकरू थांबत नाही. त्याला त्या रात्रीही कोणीतरी हेच म्हटलं असेल.

महिना-दीड महिना झाला अन् तरी झोप नाही, खाणं नाही, बोलणं नाही, किंवा मरणाच्या गोष्टी करत असेल, तर मात्र आपण मास्तर लोकांनी शहाणपण करायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, त्यावर तुम्ही स्वतः आधी बोला. पीएचसीच्या डॉक्टरांना सांगा, ते जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या विभागाकडे पाठवतात. पोरांना तपासायला शाळेत जी आरोग्याची गाडी येते त्या टीमलाही सांगून ठेवा. मुलाच्या मायला विचारल्याशिवाय मात्र काही करू नका, अन् विचारताना 'मेंटल' हा शब्द तोंडातून निघू देऊ नका, गावात तो शब्द कसा फिरतो तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक. मराठीच्या तासाला 'पूरग्रस्ताचे मनोगत' हा निबंध या वर्षी द्यायचा नाही. हसू नका, मी बघितलंय. गाइडमध्ये असतो, चाचणीत येतो, सर सवयीनं फळ्यावर लिहून मोकळे होतात. इकडे ज्या पोराचं घर खरंच गेलं ते कोरा कागद देते अन् बाजूचं पोट्टं 'मी एक अभागी पूरग्रस्त बोलतोय' असं लिहून दहापैकी आठ घेते. चित्रांचंही तसंच. कागद अन् रंग भरपूर ठेवा, ज्याला काढायचं ते काढेल, 'पुराचं चित्र काढा' असं सांगायचं नाही.

आता समारंभ.

१९९१ च्या ३० जुलैला वर्धा नदीचा पूर मोवाडमध्ये शिरला, नरखेड तालुक्यात. २०४ माणसं गेली. आमच्याकडच्या पन्नाशीच्या माणसाला अजून तो दिवस सांगावा लागत नाही. (दरडीखाली माळीण गेलं तेही २०१४ चं ३० जुलै अन् केरळात वायनाडमध्ये दरड आली तीही २०२४ ची ३० जुलै, या तारखेचं काय आहे कोण जाणे.) मी तेव्हा नोकरीला लागून तिसरं वर्ष, अंगात उत्साह मावत नव्हता. मी होतो त्या गावात मोवाडकडची काही कुटुंबं नातेवाइकांकडे आली, पोरं आमच्या शाळेत बसायला लागली. १५ ऑगस्ट तोंडावर होता. मीच हेडमास्तरांना म्हटलं की झेंडा झाला की या मुलांना पुढं बोलावू, गावातून कपडे गोळा करू अन् पाहुण्यांच्या हातानं देऊ. सगळ्यांनी वाहवा केली. गावानंही मनापासून दिलं, कोणी चादर, कोणी सदरा, कोणी फ्रॉक, आम्ही धुऊन इस्त्री करून कागदात बांधून ठेवले, नावं लिहिली वर.

पाचवीत एक मुलगी होती, चुणचुणीत, मोवाडचीच. तिचं नाव पुकारलं, ती आली, तिच्या हातात पुडकं दिलं, अन् फोटोवाला म्हणाला खोलून दाखव. तिनं कागद काढला. पिवळा फ्रॉक, गळ्याला पांढरी लेस. तर खाली रांगेत बसलेली आमच्याच पाचवीतली एक पोट्टी उठून उभी राहिली अन् खुशीत ओरडली, "हा त माहा फ्राक होय!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो. तिला आनंद झाला होता की आपला फ्रॉक स्टेजवर गेला. सगळे हसले, पाहुणेही हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो, तिची मावशी म्हणाली जरा ताप आहे. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या मावशीकडे गेली, काटोलकडे कुठंतरी, अन् तिथं शाळेत घातली की नाही हे मला आजवर कळलं नाही. फ्रॉक घडी घालून मावशीच्या खुंटीला अडकवलेला होता तेवढा दिसला. नोकरीत पुढं पुष्कळ चुका केल्या पण ही मी सांगतो कारण ही करताना मला वाटत होतं की मी फार चांगलं काम करतोय.

म्हणून तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. आपल्याकडं पाहुणा आला की पाट मांडतात, ओवाळतात, गोडधोड करतात, अन् मग तो कधी जातो याची वाट बघतात, खोटं नाही सांगत. या पोरांना पाहुणे केलं की तिसऱ्या दिवसापासून तेच सुरू होईल, झालंच आहे म्हणा न, पालकांची कुरकुर म्हणजे दुसरं काय. घरच्या पोरासारखं ठेवायचं असेल तर घरच्या पोराला आपण काय देतो ते बघा. काम देतो. रागावतो. शेवटी वाढतो कधीकधी.

तर पहिलं काम हजेरी. मला खात्री आहे की या १९ जणांची नावं तुम्ही हजेरीच्या मागच्या पानावर वेगळी लिहिली असतील, अन् खिचडीच्या वेळी कोणीतरी ओरडत असेल, पूरवाले किती? हे बंद करा. कागदावर काय ठेवायचं ते ठेवा, ते पुढं सांगतो, पण सकाळी पुकारताना एकाच यादीत, अक्षराच्या क्रमानं, मधेमधे त्यांची नावं आली पाहिजेत. तुम्ही पूरवाले म्हटलं की चार दिवसांत पोट्टे 'ए पूर' म्हणून हाक मारतील.

वेगळी तुकडीही करू नका, पण त्यांना एकदम विखरूनही टाकू नका. एका गावाची दोघं-दोघं जवळ बसू द्या, एक आपलं ओळखीचं डोकं बाजूला असलं की पुष्कळ भागते. अन् त्यांच्या शाळेतले शिक्षक सध्या कुठं आहेत? पत्रात त्यांचं काहीच नाही. शाळा गाळात आहे म्हणजे ते तालुक्याला कुठंतरी बसून पंचनाम्याचे तक्ते भरत असतील. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी मागा की त्यातला एक तरी शिक्षक कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, आमच्याकडे द्या, शाळा साफ होईपर्यंत. वायनाडला मुंडक्कई-वेल्लरमलाच्या शाळा दरडीत गेल्यावर २०२४ च्या २ सप्टेंबरला मेप्पाडीत त्या मुलांचा पुन्हा प्रवेशोत्सव झाला, तोही समारंभच होता, मंत्रीही होते, पण त्यांच्या शाळा नाव न बदलता दुसऱ्या जागी भरल्या. आपली शाळा बुडाली नाही, जागा बदलली, असं लेकरांना वाटलं पाहिजे. तुमच्या त्या चौथीतल्याच्या समोर त्याचे जुने गुरुजी एका सोमवारी येऊन उभे राहिले तर मी इथं बसून लिहितो त्या सगळ्यापेक्षा ते जास्त कामाचं.

आता कागद. दाखला नाही म्हणून घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचं कलम ५ वाचा, मुलाला कोणत्याही कारणानं शाळा बदलावी लागली तर बदलता येते अन् टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४. हे ६ ते १४ वयाचं आहे, म्हणजे तुमची सगळीच बसतात त्यात. आधारचा कागद वाहून गेला तर नंबर वाहून जात नाही, जुन्या शाळेच्या ऑनलाइन नोंदीत पोराचं नाव आहे, तिथल्या मुख्याध्यापकांच्या लॉगिनला सगळं दिसते.

पण ताई, इथं जरा थांबा. नावं लगेच तुमच्या पटावर ओढून घेऊ नका. मला माहीत आहे, १९ पोरं म्हणजे संचमान्यतेला, पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक पद वाचते की काय असं कोणाच्याही मनात येईल, केंद्रप्रमुखही म्हणतील घेऊन टाका. पण तिकडचा पट १९ नं पडला तर त्या गावची शाळा पाण्यानं नाही बुडाली ती कागदावर बुडेल, पुढच्या वर्षी कमी पटाच्या यादीत नाव, अन् मग ही माणसं घरं बांधून परत जातील तेव्हा शाळाच नसेल. म्हणून घरोघरी विचारा. ज्यांचं घर उभं आहे, गाळ काढून दिवाळीपर्यंत परत जाणार, त्यांची नावं तिकडेच राहू द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं एक पत्र घ्या की ही मुलं तात्पुरती इथं बसतील, जेवतील, परीक्षा देतील. ज्यांचं घर पूर्ण पडलं अन् हे वर्ष तरी परत जाणं नाही, त्यांची रीतसर बदली करा. आठवी-नववीची मोठी भावंडं असतील त्यांचंही विचारून घ्या, हायस्कूल लांब पडलं की पोरीची शाळा पहिली सुटते. पोरींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस त्या रस्त्यानं जाते का, पास निघतो का, हे बापाला माहीत नसते, तुम्ही सांगितलं तर माहीत होते.

(२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले अन् भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली तेव्हा हा बसायचा प्रश्न आलाच नाही, कारण कोरोनानं शाळाच बंद होत्या. तेव्हा किती पोरांचं काय झालं ते कोणत्याच हजेरीत नाही.)

पालकांच्या कुरकुरीवर रागावू नका. दोन गोष्टी आहेत त्यात. एक तांदूळ. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम अन् सहावीपासून पुढं १५० ग्रॅम. तुमची ११ अन् ८ म्हणजे १ किलो १०० अन् १ किलो २००, झाले २ किलो ३०० ग्रॅम. अख्ख्या धानाच्या मुलखात एवढ्या तांदळावरून गाव बोलतंय! तो आकडा फळ्यावर लिहा अन् शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये नुसता दाखवा, वर काही बोलू नका. अन् त्याच दिवशी पंचायत समितीत पोषण आहाराच्या अधीक्षकांना वाढीव लाभार्थ्यांची मागणी द्या, पोचची प्रत घेऊन ठेवा. तुमच्या शिल्लक साठ्यातून किती दिवस भागते तेही त्या पत्रात लिहा, नाहीतर महिन्याच्या शेवटी साठा जुळत नाही अन् खुलासा मास्तरीणबाईंनाच द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट ते तोंडानं म्हणत नाहीत पण मनात आहे, की मॅडमचं लक्ष आता आमच्या पोराकडे राहत नाही, यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. ही भीती खोटी नाही. चार शिक्षकांत सात वर्ग, तेही एकाकडे चार्ज, म्हणजे आधीच ओढाताण. त्यांना खरं सांगा की हो, पंधरा दिवस विस्कळीत होतं, आता शिष्यवृत्तीचा तास पुन्हा नेहमीच्या वेळेला सुरू, अन् तो खरंच सुरू करा, अन् आलेल्या त्या वर्गाच्या पोरांनाही त्यातच बसवा. एखादं तिकडचं पोरगं गणितात तुमच्या पहिल्या नंबरापेक्षा हुशार निघालं की बघा कशी कुरकुर रंग बदलते. वाढेलही कदाचित, पण ती वेगळी कुरकुर.

अन् समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात न, त्यात या कुटुंबांतली एक बाई बोलावून बसवा. मत द्यायचा अधिकार नसला तरी चालते, चहा प्यायला बसवा. सध्या त्या बाया तुमच्याच गावातल्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणा, म्हणजे लावणी, करायला जात असतील, त्यांचे स्वतःचे परे, म्हणजे धानाची रोपं, तर वाहून गेले. ज्या घरचा रोवणा त्यांच्या हातानं होतो त्याच घरातून 'कुठून आणून बसवले' येते, हे तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही, त्या बाईच्या शेजारी खुर्चीवर बसले की ज्याचं त्याला कळते. रोवण्याच्या दिवसांत सहावी-सातवीच्या पोरीही मायसोबत जातात, गैरहजेरी दिसली की नोटीस नको, संध्याकाळी समाजमंदिरात चक्कर मारा. त्या मोठ्या पोरींना संडास-बाथरूमची सोय काय आहे तेही बघून या, अन् पॅड शाळेच्या कपाटात कुठं ठेवलेत ते कोणी मॅडमनंच हळूच सांगावं. पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर टाकणं चालू ठेवा. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, पण धावपळीत हेच राहते.

कामाचं म्हटलं ते असं. शाळेत जी रोजची कामं पाळीनं होतात, घंटा, परिपाठाच्या बातम्या, परसबागेला पाणी, ताटं मोजणं, त्या पाळीत पुढच्या सोमवारपासून त्यांची नावं घाला. चुकलं तर जेवढं तुमच्या पोरांना रागावता तेवढंच रागवा. दया केलेली लेकरांना लगेच समजते. मी एकदा गृहपाठ न आणलेल्या अशाच एका पोराला सोडून दिलं तर तो मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, सर मले काहून नाही रागावले? अन् ही नदीकाठची पोरं आहेत हे विसरू नका, ढिवराची, मासेमारी करणाऱ्यांची, दोन तरी असतीलच त्यात. झिंगे कसे पकडतात, डोंगा कुठून लावायचा, पाणी गढूळ झालं की मासा कुठं जातो, हे तुमच्या बांधीवाल्या पोरांना अर्धंही माहीत नाही. परिसर अभ्यासाचा तास त्यांना घेऊ द्या. नदीबद्दल नुसतं पुराचंच बोलायचं असं थोडीच आहे. त्यांची तर ती रोजची होती. पण एखादं म्हणालं मले नाही सांगायचं, तर नाही.

आणि तान्हा पोळा, आपल्याकडचा पोरांचा पोळा, तोंडावर आलाय! मला वाटते हा तुमचा खरा दिवस. तुमच्या गावातली पोट्टी लाकडाचे नंदी सजवून घेऊन येतील, कोणाचा आजोबानं सुताराकडून करून घेतलेला, चाकाचा, बेगड लावलेला. या १९ जणांचे नंदी गेले पाण्यात. आता तुमचे सरपंच लगेच म्हणतील १९ नंदी विकत आणू. नको. पुन्हा तोच पिवळा फ्रॉक होईल. त्यापेक्षा दोन दिवस आधी बोडीतली, म्हणजे तळ्यातली, चिकण माती आणा अन् अख्ख्या शाळेला, पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना, मातीचे बैल करायला लावा, शाळेच्या तोरणाखाली फक्त मातीचेच बैल उभे राहतील असं जाहीर करा. घरचा लाकडी ज्याला मिरवायचा तो संध्याकाळी गावात मिरवेल, त्याला कोण अडवते. हात मातीत गेले की पोरं बोलायला लागतात हा माझा अनुभव आहे. तुमचा चौथीतला बॅग घेऊनच माती मळेल. मळू द्या. बॅग मातीनं भरली तर भरली.

राहिले सरपंच. त्यांना 'नको' म्हणायला जाल तर ते ऐकणार नाहीत, त्यांचा जीव चांगला आहे, हात मोकळे आहेत अन् गावात नाव व्हावं असंही वाटते, तिन्ही खरं. म्हणून नकार घेऊन जाऊ नका, दुसरं काम घेऊन जा, शुक्रवारच्या आधी. म्हणा, साहेब, आमदार येतातच आहेत तर त्यांना शाळेत नाही, समाजमंदिरात न्या, मोठ्या माणसांशी बोलू द्या, कोणाच्या घराचा पंचनामा अडला, कोणाच्या खात्यात पैसे आले नाहीत, ते काम त्यांचं आहे अन् तिथं टाळ्याही जास्त पडतील. शिक्षक कामगिरीवर द्यावा अन् तांदूळ वाढवून द्यावा असा ग्रामपंचायतीचा ठराव करून द्या, माझ्या पत्रापेक्षा तुमच्या ठरावाला वजन आहे. हे शेवटचं वाक्य जरूर म्हणा, खरंही आहे. दप्तरं आणली असतील तर मंडळाच्या पोरांनी ती संध्याकाळी समाजमंदिरात नेऊन ठेवावी, पोरांच्या आया निवडून घेतील कोणाला कोणतं, फोटो न काढता. बॅगवाल्यासाठी एक बाजूला ठेवू नका, त्याच्याजवळ आहे बॅग.

अन् फ्लेक्स छापून आला असेल, आलाच असेल शुक्रवारपर्यंत, तर वाया घालवू नका. दहा बाय पंधराचा असेल तर खिचडीच्या शेडवर पुरतो. छापलेली बाजू खाली करून बांधा, सुतळी नको, तार घ्या, वाऱ्यानं उडते. छत्री धरणारं पोरगं मोकळं होईल.